अठ्ठेचाळीस तासांनंतरची प्लेट

१९८८ च्या सप्टेंबरमध्ये माझ्या एम.डी.च्या प्रबंधाचा आराखडा महाविद्यालयाच्या समितीसमोर आला आणि पंधरा मिनिटांत नामंजूर झाला. मी तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र विभागात निवासी डॉक्टर होते. जठराला आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला होणाऱ्या व्रणाच्या, म्हणजे आपण ज्याला अल्सर म्हणतो त्या विकाराच्या, आपल्याकडील रुग्णांमध्ये एक विशिष्ट वळणदार जिवाणू, ज्याला आज हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतात, सापडतो का, एवढेच मला पाहायचे होते. समितीतील ज्येष्ठ शल्यचिकित्सकांनी पहिले पान वाचून आराखडा मिटला आणि विचारले, “जठरातल्या आम्लात जंतू जगतो, हे तुला कुणी सांगितलं?” मी शोधनिबंधाचा संदर्भ दिला, तो ऑस्ट्रेलियातील पर्थ येथून आला आहे असेही सांगितले. “पर्थ नकाशात कुठे आहे?” असे त्यांनी विचारल्यावर दोघे-तिघे हसले. माझे मार्गदर्शक खाली मान घालून बसले होते. शेवटी मला सांगण्यात आले की शस्त्रक्रियेनंतर चिघळणाऱ्या जखमांतील जंतू हा विषय दरवर्षी कोणी ना कोणी घेतोच, त्यात काम सुरळीत होते आणि पदवीही वेळेवर मिळते; तो घ्यावा.

त्या महाविद्यालयाचे नाव मी येथे घेत नाही. ज्यांनी मला नकार दिला ती माणसे वाईट नव्हती, आळशीही नव्हती. त्या शल्यचिकित्सकांनी फुटलेल्या अल्सरचे किती रुग्ण रात्री-अपरात्री उठून वाचवले असतील याची गणती नाही. म्हणूनच पुढच्या दोन वर्षांत जे घडले ते नीट लिहून ठेवावे असे मला वाटते. नव्या कल्पनेला होणारा विरोध म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर वादविवाद उभे राहतात. मला तो विरोध मुख्यतः छापील रजिस्टरात, कुलपाच्या किल्लीत आणि रोजच्या रिवाजांत भेटला.

या विषयाकडे मी वळले त्याला एक घरगुती कारण होते. माझे वडील, अण्णा, प्राथमिक शिक्षक होते. माझ्या लहानपणापासून त्यांना उपाशीपोटी कळ यायची, रात्री दोन-तीन वाजता उठून ते थंड दूध पीत बसायचे. १९७४ मध्ये त्यांचे मोठे ऑपरेशन झाले. आम्ल तयार करण्याचा संदेश नेणाऱ्या नसा कापल्या आणि जठरातून आतड्यात जाण्यासाठी नवी वाट करून दिली. घरी पाठवताना डॉक्टरांनी त्यांना राग आवरायला आणि चिंता सोडायला सांगितले, आणि आईला तिखट बंद करायला सांगितले. त्या दिवसापासून आमच्या घरात अण्णांच्या आजाराला दोन गुन्हेगार ठरले, एक अण्णांचा स्वभाव आणि दुसरा आईचा हात. आजी तर आईला हे उघड बोलून दाखवायची. आईने पुढची कितीतरी वर्षे अण्णांसाठी वेगळी, अळणी वाटावी अशी आमटी केली आणि तरीही कळ आली की तिच्याकडेच पाहिले जायचे.

एम.डी.च्या पहिल्या वर्षी ग्रंथालयात दुसरेच काही शोधताना ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या १६ जून १९८४ च्या अंकातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांचा लेख माझ्या हाती लागला. वॉरन हे रॉयल पर्थ हॉस्पिटलमध्ये विकृतिशास्त्रज्ञ होते. जून १९७९ मध्ये त्यांना जठराच्या अस्तराच्या एका तुकड्यावर वळणदार जंतू दिसले आणि मग पाहतील तिथे ते दिसू लागले. सुमारे दोन वर्षे त्यांच्या म्हणण्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९८१ मध्ये तेथे प्रशिक्षण घेणारा तरुण डॉक्टर मार्शल त्यांच्याबरोबर आला. दोघांनी दुर्बिणीच्या तपासणीसाठी आलेल्या सलग १०० रुग्णांचा अभ्यास केला. ५८ जणांच्या नमुन्यांत हे जंतू दिसले आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला व्रण असलेल्या १३ पैकी १३ जणांत ते होते. तो लेख मी तीन वेळा वाचला, त्याची झेरॉक्स काढली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण हे खरे असेल तर आमच्या घरात गेली चौदा वर्षे चाललेला खटलाच चुकीचा होता.

माझ्या मनात भावना होती हे मी लपवत नाही. पण भावनेवर प्रबंध उभा राहत नाही, आणि समितीच्या आक्षेपांत तथ्य होते तेवढे मान्य केलेच पाहिजे. ‘आम्ल नाही तर व्रण नाही’ हे कार्ल श्वार्त्स यांचे १९१० मधील सूत्र आम्ही सर्वांनी पाठ केले होते, आणि ते खोटेही नाही. आम्ल दाबले की व्रण भरतो हे प्रत्येक डॉक्टर रोज पाहत होता. १९५४ मध्ये एडी पामर या अमेरिकी डॉक्टरांनी हजाराहून अधिक लोकांच्या जठराचे नमुने तपासून त्यांत असे जंतू नाहीत असा निष्कर्ष काढला होता. त्यांनी वापरलेल्या नेहमीच्या रंजकाने हा जंतू नीट उठून दिसत नाही, चांदीच्या क्षारांचे रंजन केल्यावर तो काळा ठसठशीत दिसतो, हे लक्षात यायला आणखी पंचवीस वर्षे जायची होती. मधल्या काळात जठर निर्जंतुक असते हे वाक्य एका पाठ्यपुस्तकातून दुसऱ्यात उतरत गेले. जे पाठ्यपुस्तकात आहे ते परीक्षेत विचारले जाते, आणि जे परीक्षेत लिहून उत्तीर्ण झालो त्यावर संशय घेणे माणसाला फार जड जाते. मलाही पहिल्या वाचनात ते जड गेले होते.

ऑक्टोबरमध्ये सर जेम्स ब्लॅक यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. ज्या कामासाठी ते मिळाले त्यांत सिमेटिडिन या आम्ल कमी करणाऱ्या औषधाचा शोध होता. सिमेटिडिन आणि त्यामागून १९८१ मध्ये आलेले रॅनिटिडिन यांनी रुग्णांना खरोखर आराम दिला, कितीतरी जणांची ऑपरेशने टळली. मात्र औषध थांबले की व्रण परत यायचा आणि म्हणून ते वर्षानुवर्षे घ्यावे लागायचे. नोव्हेंबरमध्ये मी सुधारलेला आराखडा घेऊन पुन्हा समितीपुढे गेले तेव्हा औषधशास्त्र आणि वैद्यकशास्त्र या दोन्ही विभागांच्या प्रमुखांनी त्या पारितोषिकाचा उल्लेख केला. ज्या उपचाराला जगातला सर्वोच्च सन्मान मिळाला त्याच्या मुळालाच हात घालणारा प्रबंध एका निवासी डॉक्टरने लिहावा, हे त्यांना औचित्याला सोडून वाटत होते. त्यावर माझ्याकडे एकच उत्तर होते, आणि ते मी अडखळत दिले: आम्ल दाबून व्रण भरतो हे मला नाकारायचे नाही, तो परत का येतो हे मला विचारायचे आहे.

आराखडा मंजूर झाला तो या उत्तराने नव्हे. मार्गदर्शक सरांनी आदल्या दिवशी मला बोलावून शीर्षक बदलायला लावले होते. “तुझ्या शीर्षकातला ‘कारण’ हा शब्द काढ. ‘जठराच्या अस्तरातील सूक्ष्मजीव: एक निरीक्षण’ एवढंच ठेव. निरीक्षणाला कुणी हरकत घेत नाही,” असे ते म्हणाले. मला तेव्हा ती माघार वाटली. आज वाटते की सरांना त्या समितीची नाडी ठाऊक होती, आणि शिवाय ते शास्त्रीयदृष्ट्याही बरोबर होते. आम्ही जे करणार होतो त्यातून कारण सिद्ध होणारच नव्हते.

मंजुरी मिळाली तरी नमुने कोण देणार हा प्रश्न होताच. दुर्बिणीची तपासणी शल्यचिकित्सा विभागाच्या ताब्यात होती, आठवड्यातून दोन दिवस, सकाळी. ज्येष्ठ सरांच्या युनिटमधून एकही तुकडा मिळाला नाही. त्यांनी मनाई केली नव्हती. फक्त “बघू” म्हणत राहिले, आणि सर “बघू” म्हणाले की हाताखालचा कोणीही पुढे सरकत नसे. दुसऱ्या युनिटमधील एका तरुण अधिव्याख्यात्यांनी मात्र मला दारात उभे राहण्याची परवानगी दिली. ते रुग्णाला काय करणार आहोत ते समजावून सांगत, त्याची संमती घेत आणि नेहमीच्या बायॉप्सीबरोबर दोन जादा तुकडे घेत. मी ते सलाइनच्या बारीक बाटलीत घालून, बर्फाच्या डब्यात ठेवून, आवार ओलांडून आमच्या विभागात धावत आणत असे. तासभरापेक्षा अधिक उशीर झाला तर जंतू मरण्याची भीती असे.

नमुने जंतूंनी भरलेले असतील तर ते दुर्बिणीतूनच आले असतील, हा समितीचा आक्षेप मला मोलाचा वाटला होता. एका रुग्णाच्या पोटातून निघालेली नळी दोन-तीन द्रावणांतून काढून लगेच दुसऱ्याच्या पोटात जात होती. म्हणून प्रत्येक सकाळी पहिल्या रुग्णाआधी आणि शेवटच्या रुग्णानंतर दुर्बिणीच्या नळीतून सलाइन सोडून तेही तपासण्याचे मी ठरवले. या एका गोष्टीने माझे काम दुप्पट झाले, पण पुढे तोंडी परीक्षेत मी ताठ उभी राहू शकले ती त्यामुळेच. आक्षेप घेणाऱ्याने कामाला अशी मदत केली तर तो विरोध मी विरोध मानत नाही.

पहिला दिलासा युरियाच्या चाचणीने दिला. हा जंतू युरिएज नावाचे विकर फार मोठ्या प्रमाणात तयार करतो. जठरातल्या युरियाचे विघटन करून तो अमोनिया बनवतो आणि त्या अमोनियाच्या आवरणात, अस्तरावरच्या बुळबुळीत थराखाली, आम्लापासून सुरक्षित राहतो. ‘आम्लात कसा जगतो’ या प्रश्नाचे उत्तर इतके सोपे आणि इतके सुंदर होते. आमच्याकडे युरियाचा मीडिया, म्हणजे युरिया घातलेले पोषक माध्यम, इतर जंतूंसाठी नेहमी बनत असे. पिवळसर मीडियात तुकडा टाकायचा आणि अमोनिया बनून तो गुलाबी होतो का याची वाट पाहायची. डिसेंबरमधील एका मंगळवारी एका गवंड्याच्या जठरातील तुकडा मी बाटलीत टाकला आणि वीस मिनिटांत तुकड्याभोवती गुलाबी रंग पसरू लागला. मी ती बाटली हातात धरून विभागातल्या प्रत्येकाकडे गेले. उरलेल्या तुकड्याचे गिम्सा रंजन केले, कारण चांदीचे क्षार आमच्या अंदाजपत्रकात बसत नव्हते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसले: अस्तराला चिकटलेले, बाकदार, पक्ष्यांचा थवा दुरून दिसावा तसे.

पण सूक्ष्मजीवशास्त्रात जंतू दिसणे पुरत नाही, तो वाढवून दाखवावा लागतो, आणि येथे मी महिनोन्महिने अपयशी ठरले. पहिल्या सोळा नमुन्यांच्या सर्व प्लेट, म्हणजे जंतू वाढवण्यासाठी मीडिया ओतलेल्या काचेच्या तबकड्या, रिकाम्या निघाल्या. मीडिया बदलला, रक्तपेढीतून मिळणाऱ्या रक्ताचे प्रमाण वाढवले, काहीही उगवेना. पर्थच्या लेखातही ५८ पैकी केवळ ११ नमुन्यांतून जंतू वाढला होता, तेव्हा हे काम अवघड आहे याची कल्पना होती. पण सोळापैकी शून्य याचा अर्थ आपण काहीतरी मुळातच चुकतो आहोत असा होता. मग लेख पुन्हा काढला. त्यात पद्धतीच्या परिच्छेदात एक वाक्य आहे, जे मी आधी तीनदा वाचूनही पाहिले नव्हते. सुरुवातीला ते दोघे प्लेट दोन दिवसांनी टाकून देत असत. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत काही प्लेट इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे जंतूंना ऊब देणाऱ्या पेटीत, तशाच राहिल्या आणि सुट्टीनंतर त्यांवर पहिल्यांदा वाढ दिसली.

मी उठून आमच्या विभागाचे कल्चर रजिस्टर पाहिले. त्यात तीन रकाने छापलेले होते: नमुना, २४ तास, ४८ तास. चौथा रकाना नव्हता. अठ्ठेचाळीस तासांनी ‘वाढ नाही’ असे लिहायचे आणि त्या संध्याकाळी प्लेट वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये घालून, धुऊन, पुन्हा वापरायला ठेवायच्या, हा रिवाज विभागाच्या स्थापनेपासूनचा होता. काचेच्या प्लेट मोजक्याच होत्या, रुग्णालयाचे काम अडून चालत नव्हते, आणि आमची रोज ज्या जंतूंशी गाठ पडत होती ते बहुतेक दोन दिवसांत उगवत. कोणी मुद्दाम काही लपवत नव्हते. पण चार-पाच दिवस घेणारा जंतू जगात असलाच, तर त्या रजिस्टरात तो ‘नाही’ असेच लिहिले जाणार होते, आणि तशा नोंदी वर्षानुवर्षे साठून शेवटी ‘आपल्या अनुभवात असा जंतू नाही’ हे ठाम मत तयार होणार होते. त्या दिवशी मला समितीतील हसण्यापेक्षा त्या तीन रकान्यांची अधिक भीती वाटली.

प्लेट सात दिवस ठेवायला परवानगी मागितली. विभागप्रमुखांनी प्लेटच्या तुटवड्याचे कारण सांगून नकार दिला. मी महिन्याच्या विद्यावेतनातून दोन डझन प्लेट विकत आणल्या. मग प्रश्न उरला हवेचा. या जंतूला नेहमीच्या हवेतला प्राणवायू सोसत नाही आणि प्राणवायू पूर्ण नसला तरी तो वाढत नाही. त्याला साधारण पाच टक्के प्राणवायू लागतो. बरणीत मेणबत्ती लावून ठेवण्याच्या आमच्या पद्धतीत मेणबत्ती विझते तेव्हाही प्राणवायू पुष्कळ उरलेला असतो. विभागात पितळी झाकणाची, निर्वात करता येणारी एक जुनी बरणी होती, पण ती परीक्षेत दाखवण्यासाठी कपाटात कुलूपबंद असे. तिची किल्ली मिळवायला मला सात आठवडे लागले. तीन अर्ज केले. एका अर्जावर ‘प्रयोजन अस्पष्ट’ असा शेरा आला. शेवटी किल्ली मिळाली ती प्रमुख रजेवर गेल्यावर, प्रभारी असलेल्या माझ्या मार्गदर्शकांकडून. बरणीतील तीन चतुर्थांश हवा पंपाने काढून तेवढाच नायट्रोजन आणि थोडा कार्बन डायऑक्साइड आत सोडायचा, म्हणजे उरलेल्या हवेत आपोआप पाच टक्क्यांच्या आसपास प्राणवायू राहतो. हिशेब सोपा होता, आणि त्या बरणीची काच दहा वर्षांत कोणी पुसली नव्हती.

विभागातील परिचर, ज्यांना सगळे मामा म्हणत, रोज संध्याकाळी प्लेट गोळा करत. मी त्यांना सारे समजावून सांगितले आणि बरणीवर चिठ्ठी लावली: ‘सात दिवस टाकू नये.’ मामांनी त्यावर स्वतःच्या हाताने तारीख घातली. एप्रिल १९८९ मध्ये, पाचव्या दिवशी सकाळी बरणी उघडली, तेव्हा दोन प्लेटवर पाण्याचे अगदी बारीक तुषार पडल्यासारखे काहीतरी होते. तिरपा उजेड घेतला तेव्हाच ते नीट दिसले. त्यांतले एक टोचून युरियात घातले, तर मिनिटाभरात बाटली गुलाबी झाली. मामा शेजारी उभे होते, ते म्हणाले, “मॅडम, इतके दिवस हेच आपण धुऊन टाकत होतो का?” त्यांना ‘हो’ म्हणताना मला फार वाईट वाटले.

याच काळात मार्शल यांनी १९८४ मध्ये स्वतः जंतूचे द्रावण प्यायल्याची हकिकत मी वाचली. डुकराच्या पिल्लांना संसर्ग करण्याचे त्यांचे प्रयत्न फसले होते, आणि निरोगी शरीरात जंतू घालून रोग होतो हे दाखवल्याशिवाय कोणी मानायला तयार नव्हते. आधी स्वतःची दुर्बिणीने तपासणी करून जठर निरोगी असल्याची नोंद केली, मग द्रावण प्यायले. आठवड्याभरात मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या आणि दहाव्या दिवशीच्या तपासणीत जठराला सूज आणि त्यात जंतू आढळले. १९८५ मध्ये त्याचा लेख आला. हा प्रसंग धाडसाची गोष्ट म्हणून सांगितला जातो, परंतु मला तो वाचून अस्वस्थ वाटले आणि आजही वाटते. त्या प्रयोगाच्या आदल्या वर्षी ऑस्ट्रेलियातील जठररोगतज्ज्ञांच्या सभेकडे ६७ निबंध आले होते, त्यांपैकी ५६ स्वीकारले गेले, आणि नाकारलेल्या अकरांत मार्शल यांचा निबंध होता. एका बत्तीस वर्षांच्या डॉक्टरला स्वतःच्या देहाचा पुरावा म्हणून उपयोग करावासा वाटतो, यात त्याची जिद्द आहेच; पण बाकीच्या वाटा किती अरुंद झाल्या होत्या हेही त्यातून दिसते. शिवाय त्या प्रयोगाने जठरदाह सिद्ध झाला, व्रण नव्हे. विरोधकांनी हे लगेच दाखवून दिले आणि ते खरे होते.

माझ्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हाच धागा धरला. माझ्या प्रबंधात व्रण असलेल्या बहुसंख्य रुग्णांत जंतू आढळला होता, पण ज्यांना व्रण नव्हता, केवळ अपचनाच्या तक्रारीसाठी तपासणी झाली होती, त्यांच्यातही तो वारंवार सापडला होता. “मग हा जंतू रोगाचा की फक्त आपल्या दारिद्र्याचा आणि दूषित पाण्याचा साक्षीदार?” असे त्यांनी विचारले. इतका चांगला प्रश्न मला दोन वर्षांत कोणी विचारला नव्हता. मी म्हणाले की माझ्या कामातून याचे उत्तर मिळत नाही. जंतू मारून पाहावा लागेल आणि मग व्रण परत येतो का हे वर्षभर पाहावे लागेल. त्यांनी मान हलवली आणि दुर्बिणीच्या नळीतल्या सलाइनचे निकाल मागितले. ते निकाल स्वच्छ होते. मी उत्तीर्ण झाले. प्रबंधाची प्रत ग्रंथालयात गेली आणि मी एका जिल्हा रुग्णालयात रुजू झाले.

परीक्षकांच्या प्रश्नाचे उत्तर जगाला मिळाले ते त्यांनी म्हटलेल्या मार्गानेच. व्हिएन्नातील डॉक्टरांनी वारंवार व्रण होणाऱ्या १०४ रुग्णांवर केलेली चाचणी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वांना रॅनिटिडिन दिले. निम्म्यांना त्याबरोबर प्रतिजैविके आणि निम्म्यांना औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी. वर्षभरात प्रतिजैविके घेतलेल्यांपैकी ८ टक्के रुग्णांत व्रण परत आला, दुसऱ्या गटात ८६ टक्के. फेब्रुवारी १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ परिषदेने, जंतू असलेल्या प्रत्येक अल्सरच्या रुग्णाला प्रतिजैविके द्यावीत असे सांगितले. वॉरन आणि मार्शल यांना २००५ मध्ये नोबेल मिळाले. हा जंतू असलेल्या बहुतेकांना कधीच व्रण होत नाही, हेही तितकेच खरे आहे. कोणाला होतो आणि कोणाला नाही याची कारणे जंतूच्या वाणात, माणसाच्या शरीरात आणि परिस्थितीत विखुरलेली आहेत. म्हणजे माझ्या परीक्षकांचा संशय रास्त होता आणि पर्थचे दोघेही बरोबर होते.

याच विषयातली आणखी एक हकिकत मला नेहमी छळते. ग्रीसमधील मेसोलोंगी या गावचे डॉक्टर जॉन लिकूदिस १९५८ पासून अल्सरच्या रुग्णांना प्रतिजैविके देत होते. त्यांचा लेख अमेरिकेतील मोठ्या नियतकालिकाने नाकारला, आणि त्यांच्याच देशात त्यांना चार हजार द्राख्मांचा दंड झाला. १९८० मध्ये ते वारले, पर्थमधील शोध जगापुढे येण्याच्या काही वर्षे आधी. त्यांच्यावर अन्याय झाला असे आज सहज म्हणता येते, परंतु त्यांनी जंतू दाखवला नव्हता, तुलनेसाठी दुसरा गट ठेवला नव्हता, आणि त्यांच्याइतक्याच खात्रीने बोलणारे, पण साफ चुकलेले, शेकडो वैद्य त्या काळात होते. मी संपादक असते तर तो लेख छापला असता का? प्रामाणिकपणे सांगायचे तर नाही. मात्र त्यांना दंड करण्याऐवजी दोन वॉर्ड देऊन एका वॉर्डात त्यांचे औषध आणि दुसऱ्यात नेहमीचे, अशी परीक्षा घेतली असती, तर कदाचित वीस वर्षे वाचली असती. पुरावा मागणे हे विज्ञानाचे कामच आहे. माझी तक्रार त्यावर कधीच नव्हती. ज्याच्याकडे पुरावा मागायचा त्याला प्लेट, बरणी आणि किल्ली द्यायची नाही, आणि मग पुरावा नाही म्हणून त्याला परत पाठवायचे, हे मला आजही सहन होत नाही.

विभागप्रमुख झाल्यावर मी रजिस्टर नव्याने छापून घेतले. त्यात ‘सातवा दिवस’ असा रकाना आहे, आणि प्रत्येक नमुन्यासाठी नाही, पण मागणाऱ्याला तो भरता येतो. विषय निवडीच्या समितीत बसताना कधी कधी माझ्याही तोंडात ‘हे आपल्याकडे होणार नाही’ हे वाक्य येते. तेव्हा मी विद्यार्थ्याला त्याला काय लागेल याची यादी आणायला सांगते. सर्वच याद्या पुऱ्या करता येत नाहीत.

१९९४ च्या मे महिन्यात सुट्टी घेऊन मी गावी गेले होते. अण्णा निवृत्त झाले होते, ओसरीवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. मी त्यांना अमेरिकेतल्या परिषदेबद्दल सांगितले, माझ्या बरणीबद्दल पुन्हा सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे ते माझ्या रागानं झालं नव्हतं?” मी म्हटले की त्यांच्या ऑपरेशनच्या वेळचा तुकडा कोणी जपून ठेवलेला नाही, म्हणून त्यांच्याबाबत छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण तो व्रण या जंतूमुळे झाला असण्याचा संभव फार मोठा आहे, आणि राग किंवा तिखट हे त्याचे मूळ नव्हते असे मी डॉक्टर म्हणून सांगते. अण्णांनी वर्तमानपत्राची घडी केली. “तुझ्या आईला बाहेर बोलाव,” ते म्हणाले, “आणि हे सगळं तिच्यासमोर पुन्हा सांग.”